पांढऱ्याच्या बाजूने

भाचा सुट्टीत राहायला आला होता. सहावीत आहे, बुद्धिबळाच्या क्लासला जातो, आणि जेवताना ताटाशेजारी फोन ठेवून जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या अनोळखी माणसाला तीन-तीन मिनिटांच्या डावांत हरवत असतो. त्याची आई ओरडते, मी ओरडत नाही, म्हणून त्याला माझ्याकडे यायला आवडतं. त्या रात्री आमटी-भात कालवता कालवता त्याने विचारलं, "मावशी, तुला ड्रॅगन येतो? सरांनी एक तरी जुना डाव बघून यायला सांगितलाय." ड्रॅगन म्हणजे काळ्याने डाव सुरू करण्याची एक पद्धत, आणि मला तिचा एक डाव झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. न्यूयॉर्क, १९९५, जगज्जेतेपदाची लढत, आनंद विरुद्ध कास्पारोव्ह, अकरावा डाव. कपाटावरचा पट काढायला मी स्टूल ओढेपर्यंत त्याने तो फोनवर शोधलासुद्धा. आणि सगळ्यात आधी काय केलं, तर एका बोटाने पट फिरवला. काळे खाली, पांढरे वर. मी म्हटलं, अरे, आनंद पांढऱ्याकडून खेळतोय. तर म्हणाला, "हो गं, पण जिंकलाय काळा. जो जिंकतो त्याच्या बाजूनं बसून बघायचं असतं." मग खेळ्या भराभर सरकल्या. कोण किती पुढे आहे ते दाखवणारी कडेची पट्टी बराच वेळ मधोमध रेंगाळली आणि शेवटाला एकदम काळी झाली. "तिसाव्या खेळीपर्यंत तर बरोबरीच होती की!" असा निकाल देऊन स्वारी हात धुवायला गेली.

मी तो डाव त्या बाजूने कधी पाहिलाच नव्हता.

भांडी आवरताना, ओटा पुसताना, दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसलेली असताना हेच डोक्यात. एखादा डाव माणूस इतकी वर्षं मांडतो, त्यातल्या उंटाची जागा, घोड्याची वाट, सगळं बोटांना पाठ असतं, आणि तरी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसावं असं एकदाही सुचत नाही. सुचत नाही की नको असतं? कारण हा डाव मी अभ्यास म्हणून कधी मांडलाच नाही. खरं सांगायचं तर आनंदला वाचवायला म्हणून मांडत आले.

१९९५च्या त्या सप्टेंबरात मी अकरावीत होते आणि आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. मुंबईत तेव्हा बोलायला विषयांची कमी नव्हती. एकवीस तारखेला गणपती दूध प्यायला लागला. आमच्या गल्लीतल्या देवळापासून निघालेली रांग कोपऱ्यावरच्या इराण्यालाही वळसा घालून गेली होती, आणि वाटी-चमचा सांभाळत जिना उतरणाऱ्या बायकांना गॅलरीच्या कठड्यावरून आमचे अण्णा विचारत होते, "आनंदचं काय झालं कळलं का काही?" अण्णा म्हणजे सख्खे कुणी नव्हेत, समोरच्या खोलीतले. बेस्टमध्ये कंडक्टर होते, तेव्हा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. बुद्धिबळ मला त्यांनी शिकवलं, तेही देशी. त्यांचा पट कापडी, सोंगट्या लाकडी, लाल आणि हिरव्या. प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं जातं हा त्यांच्या मते निव्वळ उतावळेपणा, आणि किल्लेकोट करणं म्हणजे राजाने दाराआड लपणं. त्यांच्या खेळात राजा शह मिळायच्या आधी एकदा घोड्याची उडी मारू शकायचा. ती उडी ते फार राखून ठेवत, बऱ्याचदा डाव संपेपर्यंत. पुढे मी शाळेच्या स्पर्धांत खेळायला लागले तेव्हा त्यांनी तक्रार न करता नवे नियम शिकून घेतले आणि पटाच्या कडेला बॉलपेनने ए, बी, सी, डी आणि आकडे काढले. कापडावर ती शाई पसरली. डी आणि ई मधला फरक त्यानंतर अंदाजानेच ओळखायचा.

मुलगी बुद्धिबळ खेळते याचं त्या चाळीत कुणालाच नवल नव्हतं, हे आता मागे वळून बघताना जाणवतं. गिरगावाला खाडिलकर भगिनी माहीत होत्या. वासंती १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला विजेती झाली, मग जयश्री, मग रोहिणी, जी १९८१ साली आशियाई विजेती झाली. "त्या तिघी बघ," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्या कुठे तरी मागच्याच माळ्यावर राहत असाव्यात असं मला लहानपणी वाटायचं. ग्रँडमास्टर मात्र १९९५ मध्ये अख्ख्या देशात दोनच होते, आनंद आणि दिब्येंदू बरुआ. आपल्या मुंबईचे प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले ते १९९७ मध्ये. २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख देशाची ८८वी ग्रँडमास्टर झाली तेव्हा भाच्याच्या क्लासमध्ये पेढे वाटले म्हणे, आणि लगेच तासही झाला. आमच्या वेळी एक आनंद हरला की पुढच्या डावापर्यंत चेहरे पडलेले असत. आपला असा एकच माणूस तिथे बसलेला असण्याचं ओझं या पोरांना कसं समजावायचं, आणि समजावायचं तरी कशाला.

न्यूयॉर्कला दुपारी बसलेला डाव संपेपर्यंत आपल्याकडे उत्तररात्र उलटलेली असायची. त्यामुळे सकाळच्या पेपरात काही नसायचं, बातमी एक दिवस शिळी होऊन यायची. अण्णा पेपर उघडण्याआधी त्याचा वास घेत. मग खेळ्यांची चौकट बारीक कात्रीने कापून, घरी शिजवलेल्या खळीने जुन्या डायरीत चिकटवत. ती डायरी आता माझ्याकडे आहे. पानं फुगलेली, कडा कसरीने कुरतडलेल्या, आणि उघडली की अजूनही आंबूस, पिठूळ वास येतो.

वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७व्या मजल्यावर, काचेच्या बंद खोलीत ही लढत झाली. पहिला डाव ११ सप्टेंबरला. आता ती इमारत आणि ती तारीख एका ओळीत वाचताना डोळे अडखळतात. तेव्हा आम्हाला एकच अप्रूप होतं, की इतक्या उंचावर कुणी पट मांडून बसतं. ओळीने आठ डाव बरोबरीत गेले. अण्णांना झोप येईना. नववा आनंदने जिंकला आणि नवरात्रातल्या त्या दिवसांत आमच्या गॅलरीत दोनदा चहा झाला. दहावा कास्पारोव्हने घरून केलेल्या जबरदस्त तयारीच्या जोरावर फिरवला. पाच-पाच. आणि मग अकरावा.

आनंदने राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं, कास्पारोव्हने सिसिलियन बचाव घेतला, इथवर रोजचंच. तो नायडॉर्फवाला, म्हणजे सिसिलियनच्याच दुसऱ्या एका प्रकारातला, सगळी तयारी त्या दृष्टीने. पाचव्या खेळीला त्याने जी-६ खेळून उंटाला वाट करून दिली आणि पटावर ड्रॅगन आला. त्या पातळीवर, त्या क्षणी, त्याच्याकडून कुणी तो धरलाच नव्हता.

ज्यांनी ड्रॅगन कधी खेळला नाही त्यांना त्यातली भूल सांगणं अवघड आहे. काळ्याचा उंट जी-७ वर बसतो आणि तिथून थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत त्याची नजर पोचते, पांढऱ्याचा राजा जिथे किल्लेकोट करून बसणार असतो तिथवर. काळ्याचा राजा मात्र त्याच उंटाच्या मागे, पटाच्या दुसऱ्या टोकाला. दोघांचे राजे विरुद्ध बाजूंना, त्यामुळे आपल्या राजापुढची प्यादी जपण्याचं बंधन कुणालाच नाही. पांढरा एचच्या उभ्या रांगेतून प्यादं घेऊन धावतो, काळा सीच्या उभ्या रांगेत हत्ती आणून ठेवतो, आणि मग एका खेळीचा जरी उशीर झाला तरी संपलं. मी कॉलेजात असताना माटुंग्याच्या एका हॉलमध्ये, पंखे कुरकुरत असताना, घामाने बोटं चिकट झालेली असताना हा डाव खेळले आहे. पोटात खड्डा पडतो आणि हसूही येतं. असा दुसरा कुठला प्रकार मला माहीत नाही.

ड्रॅगनचा मृत्यू कसा दिसतो तेही मला फोर्टच्या फुटपाथवरच्या एका जुन्या पुस्तकाने दाखवलं होतं. फ्लोरा फाउंटनपाशी तेव्हा सोव्हिएत पुस्तकांचे ढीग मिळेल त्या भावाने विकायला असत. मॉस्को, १९७४, कार्पोव्ह विरुद्ध कोर्चनॉय, आव्हानवीर ठरवणाऱ्या अंतिम लढतीतला दुसरा डाव. पुढच्या वर्षी तेव्हाचा जगज्जेता फिशर खेळायलाच आला नाही, त्यामुळे नवा जगज्जेता खरं तर याच लढतीने ठरला. कार्पोव्ह एचचं प्यादं फेकून देतो, रांग उघडतो, एच-६ वर उंटाची मारामारी करून जी-७चा पहारेकरी हटवतो आणि एच-६ वरच वजीर नेऊन बसवतो. आता सगळं पेटलेलं असताना एकोणिसाव्या खेळीला तो काय करतो, तर हत्ती मुकाट्याने डी-३ वर आणतो. सी-३च्या घोड्याला आधार, म्हणजे दुसरा घोडा हल्ल्याला मोकळा. पुढे चोविसाव्या खेळीला प्यादं ई-५ वर टाकतो, एवढ्यासाठीच की काळ्याच्या वजिराला आडवं सरकून जी-५ वर बचावाला येता येऊ नये. सत्ताविसाव्या खेळीला कोर्चनॉयने डाव सोडला. अण्णा तो डाव मांडून झाल्यावर बराच वेळ त्या डी-३च्या हत्तीकडेच बघत राहिले होते. "घाई नाही बघ याला," एवढंच म्हणाले.

म्हणून अकराव्या डावात आम्ही अशाच काहीतरी जाळपोळीची वाट बघत होतो. ती झालीच नाही. आनंदने एच-४ खेळल्याबरोबर कास्पारोव्हने आपलं प्यादं एच-५ वर रोवलं आणि ती रांग तिथेच तुंबवून टाकली. कोर्चनॉयने जे केलं नव्हतं नेमकं ते. सोळाव्या खेळीला आनंदचा उंट एच-६ वर गेला, सतराव्याला ड्रॅगनचा तो नावाजलेला उंट पटाबाहेर. एकोणिसाव्याला वजीरही गेले. उरलं काय, तर प्रत्येकी दोन हत्ती, सात-सात प्यादी, पांढऱ्याकडे घोडा, काळ्याकडे उंट. पेपरातली ओळ वाचत अण्णा सोंगट्या उचलत होते आणि मी सुस्कारा सोडला होता. वाघाच्या गुहेतून बाहेर पडलो, आता बरोबरी. आनंदला त्या खोलीत तसंच वाटलं असेल का, हे मला सांगता येणार नाही. आमच्या गॅलरीत मात्र नक्की वाटलं होतं.

पुढच्या दहा खेळ्या म्हणजे निव्वळ चुळबूळ आहे. राजा एक घर इकडे, हत्ती एक घर तिकडे. पांढऱ्याचा घोडा डी-५ वरून एफ-४ ला जातो आणि सत्ताविसाव्या खेळीला परत डी-५ वर येऊन बसतो. मध्यावरची ती जागा इतकी देखणी आहे की त्या घोड्याकडे बघून मला आजही बरं वाटतं. कास्पारोव्ह उंट ई-६ वर आणतो. आनंद बी-४ खेळतो, एका प्याद्याची अदलाबदल होते, काळ्याचा हत्ती सी-४ वर येतो. आता पांढऱ्याच्या खुर्चीतून बघा. आपला घोडा बी-६ वर उडी मारू शकतो आणि तिथून एकाच वेळी दोन्ही हत्तींवर चढतो, सी-४ वरच्या आणि सी-८ वरच्या. ही चाल दिसली की हात आपोआप पुढे जातो. अण्णांचाही गेला होता. पेपरात पुढची खेळी वाचायच्या आधीच त्यांनी लाल घोडा बी-६ वर ठेवला होता आणि माझ्याकडे बघून मान डोलावली होती.

तीस. घोडा बी-६. पेपरात त्यापुढे दोन प्रश्नचिन्हं छापलेली होती.

घोडचुकीची ती खूण अण्णांना ठाऊक नव्हती. त्यांना वाटलं, पेपरवाल्यांनाही ही खेळी नीट वाचता आली नाही, म्हणून विचारलंय. मी सांगेपर्यंत ते मनापासून ती खेळी समजावून देत होते. मग पुढची ओळ वाचली. काळ्याचा हत्ती बी-४चं प्यादं मारून शह देतो. राजा ए-३ वर येतो, आता त्या हत्तीवर राजाचा मारा, दुसऱ्यावर घोड्याचा, दोन्ही हत्ती लोंबकळताहेत. आणि कास्पारोव्ह त्यातला एकही वाचवत नाही, सी-८चा हत्ती सरळ सी-२ वर आपटतो. आनंदने इथेच डाव सोडला. मात झालेली नाही. पांढऱ्याने तो हत्ती मारला तर बी-३ वर हत्तीचा शह, राजाला ए-२ शिवाय घर नाही, आणि मग हत्ती ई-३ वर सरकतो तेव्हा मागून उंटाचा शह उघडतो आणि ई-१चा हत्ती फुकट जातो. हिशेब केला तर शेवटी दोन प्याद्यांचीच तूट पडते. त्या पातळीवर तेवढीच पुरते. अण्णांनी कात्रण चिकटवलं, पण त्या दिवशी खळ जरा जास्तच लागली असावी, कारण शेवटच्या दोन खेळ्यांवर अजून तिचा पिवळा डाग आहे.

तेव्हापासून मी पांढऱ्याच्या बाजूने बसते. अठ्ठाविसाव्या खेळीपाशी थांबते आणि त्याला वेगवेगळ्या वाटांनी बाहेर काढते. तिसाव्याला नुसतं सी-३ खेळला असता, बी-४च्या प्याद्याला सी-३च्या प्याद्याचा आधार मिळाला असता, काहीच बिघडलं नसतं. किंवा अठ्ठाविसाव्यालाच घोड्याने ई-७चं प्यादं मारलं असतं तर? काळा हत्ती ई-८ वर आणतो, घोडा परत डी-५ ला, उंट घोडा मारतो, आणि आता उलट मारलं तर मागचा हत्ती जातो, इथपर्यंत बहुतेक जण थांबतात. पण पांढरा न मारता बी-४ खेळतो, सी-५च्या हत्तीला हटकतो, प्यादी मारामारीत जातात, हत्ती सी-४ वर सरकतो, आणि मग सावकाश डी-५चा उंट उचलतो. पांढरा सुखरूप. ही वाट मला सापडली तेव्हा मी लग्न होऊन मुलुंडला आले होते. अण्णांना फोन केला तर म्हणाले, "मग त्यानं का नाही खेळली?" त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

हे आपल्याला चांगलं जमतं. पानिपत आपण कसं वाचतो? दर संक्रांतीला भाऊसाहेबाला नवी वाट काढून देतो. बायकामुलं मागे ठेवली असती, जाटांना दुखवलं नसतं, उन्हाळ्यातच गाठलं असतं. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, हे बखरीतलं वाक्य आमचे इतिहासाचे सर सांगायचे तेव्हा वर्गातला प्रत्येक मुलगा मनातल्या मनात भाऊला परत अंबारीत बसवत असे. अब्दालीच्या छावणीत त्या दुपारी काय चाललं होतं, हे वर्गात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. आपला माणूस पडल्यावर पलीकडे जाऊन उभं राहायचं, म्हणजे पायच उचलत नाहीत.

तर भाचा गेल्यानंतर एका रात्री मी लाल-हिरव्या सोंगट्या काढल्या, पट मांडला आणि हिरव्यांच्या मागे बसले. फितूर झाल्याची भावना आली, खोटं कशाला बोलू. सुरुवातीच्या खेळ्या तर हाताला सापडेनात. एचची रांग डावीकडे आलेली, राजा-वजिराच्या जागा आरशात उलटलेल्या. खाली रस्त्यावर कुणाची तरी वरात होती, बँडवाले एकच गाणं घोळवत होते, आणि मी प्रत्येक चाल कात्रणावर बोट ठेवून तपासत होते. एकोणिसाव्या खेळीला वजीर गेले तेव्हा या बाजूला सुटका वगैरे काही वाटत नाही. वाटतं ते हेच, की ज्याच्यासाठी ड्रॅगन काढला ते शस्त्रच गेलं. उंट गेला, वजीर गेला, हल्ला नाही. नवव्या डावात मार खाऊन दहावा जिंकून नुकताच पाच-पाचवर आलेला माणूस, आणि समोर डी-५ वर तो घोडा. पांढऱ्याच्या बाजूने मला इतकी वर्षं देखणा वाटलेला घोडा इथून भयंकर दिसतो. तो ई-७ वर डोळा ठेवून आहे, आणि ई-६ला येणाऱ्या उंटाची सगळी वाट अडवून बसला आहे.

आणि तिथेच मला ते दिसलं. तो घोडा नुसता बसला नव्हता, तो दोन कामं करत होता. बी-४च्या प्याद्याला त्याचा आधार होता. आणि ई-६पासून ए-२पर्यंत जाणारी तिरपी वाट, जिच्यावरून शेवटी उंटाचा शह येतो, ती त्याने स्वतःच्या अंगाने बंद केली होती. तो बी-६ वर गेला की दोन्ही एकदम उघडतं. पांढऱ्याच्या खुर्चीतून घोडा कुठे पोचला ते दिसतं. काळ्याच्या खुर्चीतून तो कुठून उठला ते दिसतं. ई-६वर उंट ठेवून बसलेल्या माणसाला दुसरं काही बघायचंच नसतं, त्याच्या नजरेच्या रेषेत तेवढंच तर असतं. मी हे याआधी वाचलं नव्हतं असं नाही, प्रत्येक टिपणात असतं. पण वाचून कळलं होतं.

आणखी एक गंमत. सत्ताविसाव्या खेळीला उंट ई-६ वर आणताना कास्पारोव्हने ई-७चं प्यादं उघडं टाकलं, हे त्या बाजूने बघताना छातीत धस्स होतं. मी उंट ठेवला आणि हात मागे यायला तयार होईना. घोड्याने ते मारलं तर? माझी मुलुंडची वाट तिथून निघते की! इतकी वर्षं मी ती आनंदची हुकलेली संधी म्हणून जपली. पलीकडे बसल्यावर ती आपल्याच घरात राहिलेली उघडी खिडकी होते, आणि समोरचा नेमका तिच्याकडेच बघतोय का याचा अंदाज घेत बसावं लागतं. हे सगळं बिनचूक आखलेलं होतं आणि आपला भाबडा आनंद त्यात सापडला, अशी जी गोष्ट मी स्वतःला सांगत आले तिच्यात फारसा दम नाही. बरोबरीतल्या डावात दोघंही जरा जरा घसरत होते. एकाचं घसरणं समोरच्याला दिसलं नाही, दुसऱ्याचं दिसलं.

म्हणजे भाच्याची पट्टी बरोबरच बोलत होती. तिसाव्या खेळीपर्यंत बरोबरी. पण तिला दोन्ही बाजू एकदम दिसतात, त्यामुळे तिला धस्सही होत नाही आणि मान डोलावून कुणाकडे बघावंसंही वाटत नाही. त्या पोराला मी हे सांगायला जाणार नाही. तो माझ्याहून चांगला खेळतो आणि त्याच्या पिढीला ते यंत्र घरातल्या पंख्याइतकं सवयीचं आहे. जिंकणाऱ्याच्या बाजूने बसायचं हा त्याच्या सरांचा नियमही चुकीचा म्हणवत नाही, शिकायला तोच उपयोगी. मला मात्र दोन रात्रींनंतर परत लाल सोंगट्यांच्या मागे जावंसं वाटलं, आणि गेले. घोडा डी-५ वर ठेवला आणि या वेळी उचलला नाही. तिथे आहे तो बरा आहे.

अण्णा गेले त्याला काळ लोटला. चाळीच्या जागी टॉवर आहे, त्याच्या पार्किंगच्या आतल्या बाजूला कुठे तरी आमचा जिना होता. डायरी मात्र शाबूत आहे, आणि परवा ती नीट चाळताना लक्षात आलं की कात्रणं तेराव्या डावाशी थांबतात. तेरावाही ड्रॅगनच, तोही आनंद हरला. चौदावाही गेला. त्यानंतर अण्णांनी कात्री हातात घेतली नसावी. लढत १८ डावांत संपली, १०.५ विरुद्ध ७.५. पण पंधराव्या आणि सतराव्या डावात कास्पारोव्हने पुन्हा तोच ड्रॅगन काढला होता आणि आनंदने दोन्ही वेळा बरोबरी केली, हे आमच्या गॅलरीत कुणाला कळलंच नाही, किंवा कळूनही त्याची खळ कुणी शिजवली नाही. दोन डावांत मार खाल्लेला माणूस तिसऱ्यांदा राजापुढचं तेच प्यादं दोन घरं ढकलतो आणि त्याच वाटेने परत आत शिरतो, याबद्दल त्या वेळी पेपरात चार ओळी तरी असतील. मी त्या शोधल्या नाहीत. खेळ्या मात्र भाच्याकडून मागवून डायरीच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतल्या आहेत. पंधरावा काल रात्री मांडून झाला, लगेच संपतो. सतरावा भलताच लांब आहे, तो रविवारशिवाय व्हायचा नाही. रविवारी मेगाब्लॉक आहे, कुठे जाणं तसंही होणार नाहीच.